नदीकाठी झाडं लावताय? आधी खड्डा खणा, फोटो नंतर (आणि या चुका टाळा)

दरवर्षी तेच बघतोय. सरकारी जमिनीवर नदीकाठचा एखादा पट्टा मिळतो, भरपूर उत्साही मंडळी येतात, एका सकाळी सगळी लागवड उरकते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे नुसत्या काठ्या उभ्या. मग म्हणतात जमीनच खराब होती. जमीन बरी होती हो, घाई नडली.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे जमिनीत पाणी किती खोल आहे हे न बघता लागवड करणं. विलो (आपल्या वाळुंजाच्याच कुळातला) नुसती फांदी रोवली तरी लागतो, म्हणून लोकांना वाटतं खुपसली की झालं. पहिल्या वर्षी मीही तेच केलं, हातभर फांद्या कापल्या, वीतभर खोल रोवल्या आणि तीन आठवड्यांत सगळ्यांना हिरवेगार कोंब! आम्ही एवढे खूश की साहेबांना बोलावून दाखवलं वगैरे. मग नदी उतरली आणि बघता बघता सगळं करपलं. एक फांदी उपटून बघितली तर खाली एक मूळ नाही, कोरडी ठणठणीत वाळू. ते कोंब फांदीत साठलेल्या अन्नावर फुटले होते, मुळांचा पत्ताच नव्हता. तेव्हापासून पहिली पालवी बघून मी कुणाचंही अभिनंदन करत नाही.

आता नदीचं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हा मी जागेवर जाऊन खड्डा खणतो आणि ओल किती खोल लागते ते मोजतो. फांदी तिथपर्यंत पोचलीच पाहिजे, मग दोन मीटरची लागली तरी चालेल. निम्म्याहून जास्त जमिनीत जाऊ दे. पानं गळलेली असताना कापायची, आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवायची, आणि कापतानाच बुडख्याकडचं टोक तिरकं छाटायचं म्हणजे उलटी रोवली जात नाही. हसू नका, अख्खी रांग उलटी लावलेली पाहिलीय मी.

आणि सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या नकोत. विलोमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, एकाच झाडाच्या फांद्या लावल्या तर सगळं जंगल एकाच लिंगाचं, बी धरणार कुठून?

दुसरा हट्ट म्हणजे परकी झुडपं एका दमात साफ करायची. अमेरिकेच्या नैऋत्य भागात टॅमरिस्क नावाचं परकं झुडूप नद्यांकाठी माजलं, त्याची पानं खाणारे भुंगेरे २००१ पासून मोकळ्यावर सोडले गेले. पण स्थानिक विलो आधीच कमी झालेला, त्यामुळे साउथवेस्टर्न विलो फ्लायकॅचर हा छोटासा पक्षी, जो १९९५ पासून धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे, तो त्याच टॅमरिस्कमध्ये घरटी करत होता. ऐन विणीत पानं गेली तर घरट्यावरची सावली गेली. शेवटी २०१० मध्ये तिथल्या कृषी खात्याने भुंगेरे सोडणं थांबवलं. म्हणून मी आधी एक तुकडा मोकळा करतो, तिथे स्थानिक झाडं डोक्याएवढी झाली की मगच पुढचा. कंटाळवाणं आहे, माहितीय. आणि घरट्यांच्या दिवसांत कोयता घरीच. शिवाय सगळा काठ उघडा केला की पहिल्याच पुरात माती जाते ती वेगळीच.

बाकीचं पटकन. तोडलेल्या परक्या बोरूचे तुकडे नदीत ढकलू नका, जिथे अडकतील तिथे नवीन बेट उगवतं. रोज थोडं थोडं पाणी घालण्यापेक्षा क्वचित पण भरपूर घाला, नाहीतर मुळं वरच लाडावतात. गुरं आणि हरणं कोवळे शेंडे आधी खातात, त्यामुळे कुंपण लागवडीच्या आधी. लेखी परवानगीशिवाय कुदळ मारू नका, तोंडी 'करा हो' म्हणणाऱ्या साहेबांची बदली होते. आणि वाळलेली, पोकळ झाडं 'स्वच्छते'च्या नावाखाली तोडू नका, ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांना तुमच्या नवीन रोपांत ढोली मिळायला कित्येक वर्षं जातील.