डान्स क्लासमध्ये फोटो काढताय? आधी दिव्यांकडे बघा

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका कथक क्लासचे फोटो काढून घरी आलो, कॉम्प्युटरवर उघडले आणि निम्म्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे! एका फोटोत मुलीचा चेहरा पिवळट, लगेच पुढच्यात हिरवट. कॅमेरा ठीक होता, लेन्सही. चुकलं होतं ते शटर, म्हणजे फोटो टिपायला कॅमेरा किती वेळ उघडा राहतो ते, आणि नवखे फोटोग्राफर आजही इथेच अडकतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे जुनी ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण १/५०० सेकंदाचं शटर त्यातला एखादाच तुकडा पकडतं. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर तर सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तिथे पट्टे हमखास येतात. मेकॅनिकल शटर लावा, मेन्यूत अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीवरचा उपाय) असेल तर चालू करा. तरी भागलं नाही तर सरळ १/१०० वर या. तेवढ्या वेळात दिव्याचा एक चढउतार पूर्ण होतो आणि उजेड सगळ्या फ्रेमवर सारखा पडतो.

मग चक्कर घेताना मुलगी हललेली येईल ना? येईल. म्हणून समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची वाट बघा. तिहाईचा (तीनदा म्हटलेल्या बोलांचा) शेवटचा 'धा' समेवर पडतो आणि नाचणारी क्षणभर मूर्तीसारखी उभी राहते. हात, मान, नजर जागच्या जागी. तिथे १/१०० पुरतं. त्यासाठी बोल कान देऊन ऐका, तीनतालाच्या १६ मात्रा मनात मोजा. दोन-चार आवर्तनांनी (तालाच्या फेऱ्यांनी) बोट आपोआप तयार राहतं. ओढणीचं टोक तेवढं हलतं, आणि मला ते हललेलंच आवडतं.

दुसरी चूक रंगांची. मे महिन्यात नागपुरात खिडक्यांना जाड पडदे, आत पांढरी ट्यूब आणि कोपऱ्यात पिवळा बल्ब. पडद्याच्या फटीतून ऊन आलं की एकाच चेहऱ्यावर तीन रंग. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय, इथे गोंधळतो. शक्य असेल तर सकाळी आठच्या आत जा, क्लासच्या ताईंना विचारून पडदे उघडा आणि आतले दिवे बंद करा. खिडकीचा एकाच बाजूने येणारा उजेड डोक्यावरच्या ट्यूबपेक्षा कितीतरी चांगला. डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत, अभिनय दिसतो. तेही जमलं नाही तर रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल ठेवा, रंग नंतर सुधारता येतात.

आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवायची भीती सोडा. ३२०० चा दाणेदारपणा चालतो, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स झूम केली की एफ ५.६ वर येते (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), एफ १.८ ची साधी ५० एमएम लेन्स त्याच्या सुमारे दहापट उजेड आत घेते.

आरशासमोर सरळ उभं राहू नका, थोडं तिरकं राहा. फोकस प्रतिबिंबावर गेला तर खरी मुलगी धूसर येते, म्हणून फोकस पॉइंट स्वतः डोळ्यावर ठेवा. मागे पांढरी भिंत असेल तर कॅमेरा फोटो काळोखा करतो. एक्स्पोजर +१ करा. फ्लॅश मात्र बॅगेतच राहू द्या. आरशात तो पांढरा गोळा होतो, आणि चक्कर घेणाऱ्या मुलीच्या डोळ्यांवर गेला तर तिचा तोल जाऊ शकतो.