पोलिसांच्या समुपदेशनासाठी निधी मागायचा असेल तर

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून मी नागपुरातल्या एका छोट्या संस्थेत लागले आणि पहिलंच काम अंगावर आलं ते पोलिसांच्या मानसिक आरोग्यासाठी पैसा उभा करायचं. तुम्ही या कामात नवे असाल, तर माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात.

पहिला प्रस्ताव केला तो एका दिवसाच्या कार्यशाळेचा. हॉल, बॅनर, वक्त्यांचं मानधन, जेवण. पैसे लगेच मिळाले. समोर शे-दीडशे अंमलदार, त्यातले कितीतरी रात्रपाळी उतरून थेट आलेले. तिसऱ्या रांगेतले एक हवालदार काका टोपी मांडीवर ठेवून बसल्या बसल्या झोपले होते. जेवताना तेच म्हणाले, "भाषण चांगलंच होतं जी, पण मले घरी झोपच लागत नाही, त्याचं काय?" त्यानंतर कार्यशाळेसाठी मी एक रुपयाही मागितला नाही.

मागायचं ते समुपदेशकाचं मानधन, तेही किमान वर्षभराचं. गणपती, दीक्षाभूमी, मग डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचे मोर्चे. माणूस बोलायला येतो तो बंदोबस्त उतरल्यावर. तीन महिन्यांचा प्रकल्प असला, तर तोवर आपण गाशा गुंडाळलेला असतो.

खोलीकडे मी आधी लक्षच दिलं नव्हतं. आम्हाला मिळाली ती ड्युटी लावणाऱ्या हजेरी मास्तरांच्या टेबलाशेजारी. दीड महिना कुणी फिरकलं नाही. मग वसाहतीतल्या दवाखान्याच्या मागची खोली मागून घेतली. "बीपी दाखवून येतो" म्हणून तिथे कुणीही जाऊ शकतं. लोक येऊ लागले, काही जण बायकोला घेऊन. म्हणून अंदाजपत्रकात लाकडी पार्टिशन आणि कुलपाचं कपाट धराच.

कपाट कशाला, असं विचारतील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार ही माहिती गोपनीय आहे. महिन्याला किती जण आले एवढा आकडा देऊ, नावं नाही, हे सुरुवातीच्या पत्रातच लिहून घ्या. पिस्तूल काढून घेतील, साइड पोस्टिंग, म्हणजे बिनमहत्त्वाचं काम, देतील, ही भीती फार खोल असते. एक नाव बाहेर गेलं की खोली ओस पडते.

पैसा मिळायची वाट बहुतेक सीएसआरचीच, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीची. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात आणि प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा त्यात बसते. संस्थेला तीन वर्षांचा अनुभव आणि हा निधी घेण्यासाठीची सरकारदरबारची सीएसआर-१ नोंदणी लागते. प्रस्ताव जानेवारीतच द्या. एप्रिलमध्ये गेलात तर आराखडा ठरलेला असतो. पोलीस कल्याण निधी, जिल्हा नियोजन समिती हेही दरवाजे आहेत, पण टपाल हळू सरकतं.

औषधोपचाराचा खर्च धरू नका. त्यासाठी नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, मोफत. धरायचा तो पहिल्या खेपेला सोबत जाणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च. मेडिकलच्या ओपीडीच्या रांगेत वर्दीतला माणूस एकटा उभा राहत नाही, परत फिरतो.

आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे आठव्या महिन्यातच मागा. आमचा निधी संपला आणि दोन महिने खोलीला कुलूप होतं. दवाखान्यातल्या सिस्टर सांगायच्या, ते हवालदार काका दर मंगळवारी येतात, कुलूप बघतात आणि बीपी तपासून जातात.