माइनक्राफ्टमध्ये स्वतःचा बॉट कसा उतरवावा

समोरच्याच्या पडद्यावर काय दिसतंय, याच्याशी माइनक्राफ्टच्या सर्व्हरला काही देणंघेणं नसतं. ठरलेल्या पद्धतीचे संदेश वेळेवर येत राहिले की त्याच्या लेखी तो खेळाडूच. म्हणूनच चित्र अजिबात न दाखवणारा क्लायंट (सर्व्हरला जोडणारा प्रोग्रॅम) सुद्धा खेळात उतरू शकतो. माणसाऐवजी प्रोग्रॅमने चालवलेला असा खेळाडू म्हणजेच बॉट. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी माइनफ्लेअर ही मुक्त-स्रोत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. ती खेळाच्या फक्त ‘जावा’ या प्रकाराशी बोलते. मोबाइलवर चालणाऱ्या ‘बेडरॉक’ या दुसऱ्या प्रकाराशी तिचं जमत नाही.

सुरुवात आवृत्तीपासून करा. खेळाची अगदी ताजी आवृत्ती लायब्ररीत यायला बऱ्याचदा वेळ लागतो. म्हणून माइनफ्लेअरच्या माहितीपानावरची यादी आधी पाहा आणि त्यातल्याच एका आवृत्तीचा सर्व्हर आपल्या संगणकावर डाउनलोड करून घ्या. तो पहिल्यांदा चालवला की लगेच बंद पडतो. घाबरू नका, ईयूएलए (वापराच्या अटींचा करार) नावाच्या फाइलमध्ये ‘फॉल्स’चं ‘ट्रू’ केलं की पुढे सरकतो. मग सर्व्हरच्या सेटिंगमधला ऑनलाइन-मोड, म्हणजे खेळाडूचं खातं तपासणं, बंद करा, म्हणजे बॉटला मायक्रोसॉफ्टचं खातं लागणार नाही. पण अशा सर्व्हरवर कोणीही कोणाच्याही नावाने शिरू शकतो. त्यामुळे तो घरच्या नेटवर्कबाहेर उघडू नका.

आता नोड जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) बसवा, नवीन फोल्डर करा आणि टर्मिनलमध्ये एनपीएम या त्याच्यासोबत येणाऱ्या साधनाने माइनफ्लेअर इन्स्टॉल करा. बॉट तयार करणाऱ्या फंक्शनला चारच गोष्टी द्यायच्या: पत्ता (लोकलहोस्ट, म्हणजे हाच संगणक), पोर्ट (२५५६५), बॉटचं नाव आणि आवृत्ती.

खरी गोम इथून पुढे आहे. लॉगिन झालं म्हणजे जग हाती आलं, असं नव्हे. जमिनीचे तुकडे, म्हणजे चंक, एकेक करून येतात. ते येण्याआधी ‘पायाखाली कोणता ब्लॉक आहे?’ असं विचारलंत, तर उत्तर ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असं मिळतं. म्हणून चालणं, खोदणं, सगळं ‘स्पॉन’ या इव्हेंटनंतरच (बॉट जगात अवतरल्याची सूचना आल्यावरच) लिहा. शिवाय चंक येईपर्यंत थांबवणारं फंक्शन लायब्ररीत आहे, तेही वापरा. ‘किक्ड’ आणि ‘एरर’ हे इव्हेंट पहिल्याच दिवशी जोडा. एरर जोडला की बिघाड झाल्यावर काय करायचं ते तुम्हाला ठरवता येतं, आणि किक्ड जोडला नाही तर सर्व्हरने का हाकललं ते कळत नाही.

चॅटला उत्तर देणारा बॉट सोपा आहे, फक्त संदेश स्वतःचाच असेल तर तो सोडून द्यायला सांगा. नाहीतर तो स्वतःलाच उत्तरं देत बसतो आणि स्पॅमसाठी बाहेर फेकला जातो.

बॉट तुमच्या मागे मागे चालवायचा असेल तर पाथफाइंडर हे रस्ता शोधून देणारं प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) जोडा. त्यात खोदायची परवानगी आधीपासून चालू असते. ती बंद करा, नाहीतर जवळचा रस्ता म्हणून बॉट तुमच्या घराची भिंत फोडून आत येईल.