किडलेल्या दातामुळे मुलाचा गाल सुजल्यास काय करावे

दुधाच्या दाढेतील कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली की मुळाशी पू साठतो आणि एखाद्या सकाळी मूल गाल सुजलेल्या अवस्थेत उठते. अशा वेळी त्याच दिवशी दंतवैद्याकडे जावे. रात्रीतून ठणका थांबला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पुवाला वाट मिळाली तरी दुखणे थांबते, संसर्ग मात्र तसाच राहतो.

तोवर वजनानुसार पॅरासिटामॉल द्यावे (एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा). अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गरम शेक देण्याचा मोह आवरावा, सूज दाबू वा फोडू नये आणि घरात उरलेले अँटिबायोटिक देऊ नये. डॉक्टरांनी ते दिले, तरी दाताच्या मुळावर उपचार केल्याशिवाय किंवा दात काढल्याशिवाय सूज पुन्हा येते. ‘दुधाचाच तर दात, पडेल’ हे म्हणणे इथे महागात पडते. मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात.

सूज डोळ्यापर्यंत चढून पापणी मिटू लागली, जबड्याखाली किंवा जिभेखाली पसरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता न आल्याने लाळ गळू लागली, श्वासाला त्रास झाला किंवा तापात मूल मलूल पडले, तर दवाखान्याच्या वेळेची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.