लहान मुलाला पहिल्यांदा थिएटरात नेताना

सुरुवातीलाच मनाशी ठरवून टाका: पहिल्या वेळी सिनेमा पूर्ण पाहून होणार नाही. झाला तर नशीब. एवढी तयारी असली की 'गप्प बस, तिकिटाचे पैसे भरलेत' असं अंधारात पोराला दटावायची वेळ येत नाही.

1. वय आणि सिनेमा. तीन-साडेतीन वर्षांच्या आत घाई नको, असं माझं मत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय, की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या वर जाऊ नये. मुलांचे सिनेमे बहुधा दीड तासाच्या आसपास असतात. म्हणून त्यातल्या त्यात छोटा निवडा आणि त्या दिवशी घरचा टीव्ही, मोबाइल बंद. ज्यांनी तो सिनेमा पाहिलाय त्यांना एकच प्रश्न विचारा: यात आई किंवा बाबा हरवतात का? राक्षस एक वेळ चालतो, हरवलेली आई नाही चालत. थ्रीडीही नको. चष्मा इवल्या नाकावरून सारखा घसरतो.

2. घरी तालीम. खोलीत अंधार करा, खुर्च्या ओळीत मांडा, कागदाची तिकिटं कापा. तिकिटं तपासायचं काम मुलाकडे द्या.

3. जागा आणि वेळ. झोपेची वेळ टाळून, गर्दी कमी असलेला खेळ घ्या. मागच्या बाजूची, कडेची खुर्ची निवडा. पाच जणांचे पाय तुडवत बाहेर पडावं लागत नाही.

4. आत शिरताना. दिवे चालू असतानाच आत जा. पडदा, दार, पायऱ्यांवरचे दिवे दाखवा. जाहिराती आणि ट्रेलर सुरू झाले की शू करायला बाहेर काढा. ट्रेलर मोठ्यांच्या सिनेमाचेही असतात आणि कर्कश वाटतात. स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र मात्र टाळा. त्या घरघरीने रडू फुटलं, तर सिनेमा तिथेच संपतो. परत आल्यावर दारातच जरा थांबा. डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण पायऱ्या दिसण्यापुरते ते लवकर तयार होतात.

5. खुर्ची. हे कोणी आधी सांगत नाही! घडीची खुर्ची मोठ्या माणसाच्या वजनाने खाली राहते, चौदा-पंधरा किलोच्या मुलाने नाही. माझी भाची मागे सरकून बसली आणि बैठक तिच्यासकट वर आली. गुडघे नाकाला, दोन बूट हवेत, आणि मधून आवाज: "मामा, हिने मला खाल्लं!" थिएटरात मुलांची उंच बैठक मिळत असेल तर ती घ्या, नाहीतर मुलाला पुढच्या कडेवर बसवून बैठकीवर आपला हात दाबून ठेवा. मांडी आहेच.

6. आवाज. सिनेमागृहाच्या ध्वनिमानकानुसार पडद्यामागच्या एकेका मुख्य स्पीकरचा आवाज ऐन क्षणी 105 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. मुलांसाठी कानावर बसणारे इअरमफ मिळतात, ते न्या आणि घरी आधी घालून पाहा. कानात घालायचे छोटे बोळे नकोत. ते काढून तोंडात जातात.

7. उठायचं कधी? मांडीवर चढून बसणं, तोंड लपवून बोटांच्या फटीतून पाहणं, हे चालायचंच. पण दहा मिनिटांत तिसऱ्यांदा शू लागली, किंवा पडदा सोडून नजर सारखी दाराकडे वळू लागली, तर समजा. एकदा बाहेर नेऊन पाणी पाजा आणि 'परत जायचं का?' विचारा. 'नाही' म्हटलं तर घरी. वाटेत टोमणे नकोत.

घरी आल्यावर 'पुढे काय झालं?' असं मुलाने आपणहून विचारलं, तर पुढच्या तिकिटाला हरकत नाही. नाहीच विचारलं, तर सहा महिने विषय काढू नका.