विलायतेतल्या फ्लॅटला क्लॅडिंगचं बिल आलं म्हणून मच्छेचा प्लॉट विकू नका

मुलगा-मुलगी इंग्लंडात फ्लॅट घेऊन राहतात आणि इमारतीचं क्लॅडिंग बदलायचं म्हणून हजारो पौंडांचं बिल हातात पडलं, तर सुरुवातीला एकच पथ्य पाळा: पैसे पाठवायचे नाहीत. मी बेळगावच्या शहापुरातल्या एका पतसंस्थेत वसुली बघत होते. नोटीस कशी लिहिली की माणूस घाबरून दुसऱ्या दिवशी भरायला येतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

माझ्या पुतण्याचा फ्लॅट मँचेस्टरला आहे. त्याला ३८,००० पौंडांचं पत्र आलं, म्हणजे आपले चाळीस लाखांच्या वर. दीर लगेच, "वहिनी, मच्छेच्या प्लॉटला गिऱ्हाईक बघा." म्हटलं, प्लॉट कुठे पळून जात नाही, आधी कागद दाखव. आपल्याकडे कानडीतली नोटीस आली की कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय आपण सही करत नाही. इंग्रजी असली की मात्र सगळं कळल्यासारखी मान डोलावतो.

आता थोडं मागचं. क्लॅडिंग म्हणजे इमारतीच्या बाहेरून बसवलेलं आवरण. खडेबाजारात दुकानांच्या दर्शनी भागाला एसीपीचे पत्रे लावतात, त्याच जातीचे पत्रे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला होते, आत प्लास्टिकचा थर असलेले. १४ जून २०१७ च्या रात्री तिथं आग लागली आणि ७२ माणसं गेली. मग तिथल्या इमारती तपासायला घेतल्या आणि ठिकठिकाणी असलंच काहीबाही निघालं. तिथं फ्लॅट बहुधा लीजवर असतो, जमीन आणि इमारत दुसऱ्याच्या मालकीची. दुरुस्तीचा खर्च तो मालक लीजधारकांच्या माथी मारत होता. कॅम्पातल्या लीजच्या बंगल्यांची कटकट ज्यांनी पाहिली आहे त्यांना फार समजवायला नको.

२०२२ साली तिथं बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्ट आला, अटींत बसणाऱ्या लीजधारकांना या खर्चापासून संरक्षण मिळालं आणि चित्र पालटलं. हे फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड-वेल्सचं वेगळं आहे. मुलाला फोन लावून आधी हे विचारा: इमारत किमान ११ मीटर उंच किंवा निदान पाच मजली आहे का? सदोष काम २८ जून १९९२ नंतरच्या तीस वर्षांतलं आहे का? आणि १४ फेब्रुवारी २०२२ ला त्या फ्लॅटचा लीजधारक कोण होता, तो तिथंच राहत होता का, नसेल तर युनायटेड किंगडममध्ये त्याची एकूण तीनपेक्षा जास्त घरं होती का?

या शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला. पुतण्याच्या नावावर टिळकवाडीतला वडिलोपार्जित हिस्सा आणि खानापूर रोडला एक गुंठेवारी. तो म्हणतो, काकू, हे धरून मी बाद तर नाही होणार? अरे, कायद्यात युनायटेड किंगडम लिहिलंय, बेळगाव नाही! इथली शेती, घर, प्लॉट त्यात येत नाही.

फ्लॅट त्या तारखेनंतर विकत घेतला असेल तरी हिरमुसू नका. संरक्षण लीजबरोबर चालत येतं, पण त्या दिवशीच्या लीजधारकाची माहिती लागते. ती आधीच्या विकणाऱ्याकडून मागवायची.

आता खरं काम. लीजहोल्डर डीड ऑफ सर्टिफिकेट नावाचा सरकारी नमुना आहे. तो भरून, साक्षीदारासमोर सही करून मालकाकडे द्यायचा. साक्षीदार घरातला नसलेला बरा, उगाच फाटे फुटायला नकोत. तिथंच राहत होतो हे दाखवायला त्या काळातलं कौन्सिल टॅक्सचं बिल जोडा. मालकाने हा कागद मागितला तर आठ आठवड्यांची मुदत असते. गप्प बसलात तर तुमचं लीज संरक्षणात बसत नाही असं धरायची त्याला मोकळीक मिळते. मी वसुलीत असताना पाहिलंय, पोच न घेतलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. ईमेल करा, शिवाय टपालाने पाठवा, दोन्हीचा पुरावा ठेवा.

त्याच पत्रात मालकाकडून लँडलॉर्ड सर्टिफिकेट मागा. इमारत त्याने किंवा त्याच्या कंपनीने बांधली का, १४ फेब्रुवारी २०२२ ला त्याच्या समूहाची निव्वळ मालमत्ता दर इमारतीमागे २० लाख पौंडांच्या वर होती का, हे त्यात सांगावं लागतं. यातलं एकही 'हो' असेल तर या दोषांचा खर्च संरक्षित लीजधारकाकडून घेता येत नाही.

मग बिलाची फोड मागा. पुतण्याच्या पत्रात सगळं एका आकड्यात कोंबलं होतं: क्लॅडिंग, आतले अग्निरोधक दरवाजे, आगीवर लक्ष ठेवायला रात्रंदिवस फिरणारे पहारेकरी, वकिलाची फी. संरक्षित लीजधारकाला असुरक्षित क्लॅडिंग काढायचा-बदलायचा खर्च शून्य. या दोषांपोटीची वकिलाची फीही घेता येत नाही. दरवाजे आणि पहाऱ्यासारख्या गोष्टींना मर्यादा आहे: लंडनबाहेर १०,००० पौंड, लंडनात १५,०००. दहा लाख पौंडांवरच्या महागड्या फ्लॅटना ती जास्त. फ्लॅटची किंमत लंडनबाहेर १,७५,००० किंवा लंडनात ३,२५,००० पौंडांच्या खाली असेल तर तेही शून्य. २८ जून २०१७ पासून या कामांपोटी जे भरलं ते मर्यादेतून वजा होतं आणि वर्षाला दहाव्या हिश्श्याहून जास्त मागता येत नाही. म्हणजे पुतण्याला फार तर वर्षाला हजार पौंड, लाख-सव्वा लाख रुपये. कुठे चाळीस लाख!

पत्राकडे काणाडोळा मात्र करू नका, लीज आणि कर्ज दोन्ही धोक्यात येतात. रक्कम मान्य नाही, हे कारणासकट लेखी कळवा. अडलं तर तिथली लीजहोल्ड अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिस फुकट सल्ला देते. त्यापुढे फर्स्ट-टियर ट्रायब्युनल नावाचं न्यायाधिकरण आहे. ११ मीटरपेक्षा बुटक्या आणि पाचपेक्षा कमी मजल्यांच्या इमारतींना हे संरक्षण नाही, त्यांनी आधी तिथला वकील गाठावा.

एवढं करूनही काही पाठवायची वेळ आली तर बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरा, पॅन लागतो. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनेच आधी गोळा केलेला आयकर, घेतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. ही मर्यादा माणशी असते, म्हणून नवरा-बायकोने आपापल्या खात्यातून, आपापल्या पैशातून पाठवलेलं बरं.