जुनी टँडेम सायकल घेताय? आधी मागच्या सीटवर बसून बघा

जुनी टँडेम बघायला गेलं की आपण काय करतो, सरळ पुढच्या सीटवर बसतो, हँडल धरतो, घंटी वाजवतो आणि मनातल्या मनात ती घेऊनपण टाकतो. मी पहिल्यांदा अगदी हेच केलं. घरी आणली, मुलगी मागे बसली आणि सीट पार खाली घातली तरी तिचे पाय पॅडलला पोचेनात. मग दोन महिने सायकल भिंतीला टेकून उभी आणि घरात माझी चेष्टा. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच सांगतो, टँडेम मागच्या माणसासाठी घ्यायची असते. पुढचा कसाही जुळवून घेतो, मागचा वैतागला की फॅमिली राइड तिथेच संपली.

आधी एक सांगतो, टँडेम म्हणजे डबलसीट नव्हे. डबलसीटला मागचा नुसता बसलेला असतो, इथे दोघंही पॅडल मारतात. पुढच्याला कॅप्टन म्हणतात, हँडल, ब्रेक आणि गिअर त्याच्याकडे, आणि मागच्याला म्हणतात स्टोकर, म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचा तो. त्या बिचाऱ्याला समोर फक्त कॅप्टनची पाठ दिसते. खड्डा कधी येणार, ब्रेक कधी लागणार, काही कळत नाही. त्यामुळे दोन-चार राइड झाल्या की मागे बसायला कुणी तयार होत नाही, आणि म्हणूनच बाजारात येणाऱ्या जुन्या टँडेम बऱ्याचदा फारशा चाललेल्या नसतात, वर्षानुवर्षं नुसत्या टांगलेल्या असतात. आपला फायदा, पण उभं राहून राहून ग्रीसचं मेण झालेलं असतं आणि टायरला चिरा पडलेल्या असतात हेही धरून चाला.

बघायला जायच्या आधी घरी मोजमाप करा. मागे जो कोणी बसणार त्याची जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची घ्या आणि ती लिहूनच न्या, तिथे गेल्यावर अंदाजाने बोलू नका. सायकलवर मागची सीट सगळ्यात खाली घालायची, पॅडल सगळ्यात खाली आणायचं आणि सीटच्या वरच्या पृष्ठभागापासून पॅडलपर्यंत टेप लावायचा. हे अंतर लिहून आणलेल्या मापापेक्षा जास्त निघालं तर पाय पोचत नाहीत, विषय संपला. मूल लहान असेल तर दोन उपाय आहेत. एक म्हणजे क्रँकवर, म्हणजे पॅडल ज्या दांडीला लावलेलं असतं तिच्यावर, बसवायची पट्टी, तिला वरच्या बाजूला भोकं असतात, पॅडल तिथे लावलं की क्रँक आखूड होते. मोठ्यांची क्रँक साधारण १७० मिमीची असते, मुलांना ती फार मोठी पडते, गुडघे छातीला लागतात. दुसरा उपाय म्हणजे मागच्या सीटखालच्या नळीवर वरच्या बाजूला आवळायचा एक जादाचा क्रँकसेट, तो छोट्या चेनने खालच्या क्रँकला जोडायचा. हा उपाय मस्त चालतो, पण ती नळी गोल आणि मोकळी पाहिजे, वायरीचे स्टॉपर वगैरे मध्ये आले तर क्लॅम्प बसत नाही.

मोठी माणसं मागे बसणार असतील तर उंचीपेक्षा लांबी बघा. जुन्या फ्रेममध्ये दोन सीटमधलं अंतर कमी असायचं, साधारण ५५ ते ६० सेंमी, नंतरच्या टँडेममध्ये ते ७० च्या आसपास गेलं. कमी अंतर म्हणजे मागच्याचं नाक कॅप्टनच्या पाठीवर. शिवाय मागचं हँडल कॅप्टनच्या सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांडीला, आवळलेलं असतं, म्हणजे पुढे कधी तुम्ही कधी बायको असं बसणार असाल तर सीट वरखाली होईल तसं ते हँडलपण वरखाली होणार, हे तिथेच करून बघा. कॅप्टनचं माप एकच, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून मधली नळी पायांत घेऊन आरामात उभं राहता आलं पाहिजे, कारण थांबल्यावर दोघांचं वजन तोच तोलतो.

माप जमलं तर मग खाली वाका. टँडेमची खरी भानगड खाली, आणि बहुतेक वेळा डावीकडे असते. उजवीकडची चेन नेहमीसारखी मागच्या चाकाला जाते, डावीकडे दोन्ही क्रँकना जोडणारी वेगळी चेन असते, तिला टायमिंग चेन म्हणतात (काही जुन्या मॉडेलमध्ये दोन्ही चेन उजवीकडेच असतात, तेही चालतं). ही चेन ताणण्यासाठी पुढच्या क्रँकचा एक्सल एका तिरक्या डब्यात बसवलेला असतो, म्हणजे डबा गोल पण एक्सलचं भोक मध्यभागी नाही, बाजूला. डबा फिरवला की एक्सल पुढेमागे सरकतो आणि चेन ताणली जाते. याला एक्सेंट्रिक म्हणतात आणि जुन्या टँडेममध्ये जाम सापडायची पहिली जागा हीच. माझ्यावाली तीन आठवडे रोज तेल सोडून, लाकडी हातोडीने ठोकून ठोकून हलली, आणि तोपर्यंत त्याचा एक बोल्ट तुटला तो वेगळाच. म्हणून विकणाऱ्याला सांगा, एक्सेंट्रिक माझ्यासमोर फिरवून दाखवा. तो "हो हो फिरतं की" म्हणाला आणि पाना हातात घेत नसेल तर समजायचं.

टायमिंग चेन खालून मधोमध बोटाने दाबून बघा. साधारण सेंटिमीटरभर हलली तर ठीक, लोंबत असेल तर ती कधीतरी पडणार, आणि चालत्या सायकलवर टायमिंग चेन पडली की दोघांची पॅडल एकदम वेगवेगळी होतात, मूल घाबरतं. क्रँक सावकाश पूर्ण फिरवत चेन बघत राहा, एका जागी ताठ आणि दुसरीकडे ढिली होत असेल तर चेनव्हील गोल राहिलेलं नाही किंवा क्रँक वाकली आहे. एक्सेंट्रिक शेवटपर्यंत फिरवूनही चेन ढिलीच असेल तर चेन संपली. आणि नवी घालताना लक्षात ठेवा, साधी एक चेन पुरत नाही, दीड-दोन जोडाव्या लागतात. पुढची आणि मागची क्रँक समांतर नसल्या तर मात्र घाबरू नका, चेन काढून एक-दोन दात पुढेमागे करून बसवली की काम झालं. ३६ दात्यांचं चेनव्हील असेल तर एक दात म्हणजे बरोब्बर १० अंश. काही लोक मुद्दाम ९० अंशांचा फरक ठेवतात पण मुलांबरोबर सरळ समांतरच ठेवा, वळणावर दोघांची पॅडल एकदम वर राहतात, जमिनीला घासत नाहीत.

आता मागचं चाक. साध्या सायकलवर एक माणूस बसतो, इथे दोघं, आणि बराचसा भार या चाकावर. टँडेमच्या चाकाला बहुतेक ४० किंवा ४८ स्पोक असतात, ३६ असतील आणि मागे मूलच बसणार असेल तर चालून जाईल. स्पोक दोन-दोन करून दाबा, सगळे सारखे ताठ लागले पाहिजेत. चाक फिरवून आऊट बघा, म्हणजे ते डावीउजवीकडे डुलतं का, थोडं आऊट असेल तर निघतं, पण रिमच वाकली असेल तर नाही. मग एक्सलच्या टोकाकडे बघा, चाक फिरताना टोक गोल गोल डोलत असेल तर एक्सल वाकलाय, जुन्या स्क्रूवाल्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) हे फार होतं. फ्रेमच्या आतल्या बाजूने हबची जागा पट्टीने मोजा. साध्या सायकलींना १२६, १३० किंवा १३५ मिमी असते, टँडेममध्ये १४०, १४५, अगदी १६० पण सापडते, आणि तसं चाक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, शोधावं लागतं. म्हणून मागचं चाक धड नसलेली टँडेम मी फुकट मिळाली तरी दोनदा विचार करीन.

टायरवरचा आकडा वाचा, इंचाचा नाही, मिमीचा. २७ इंची म्हणजे ६३० आणि ७००सी म्हणजे ६२२, दिसायला सारखेच पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. २६ इंची १-३/८ मध्येपण नेहमीचा ५९० आणि श्विन या अमेरिकन कंपनीचा स्वतःचा ५९७. फ्रेंच सायकलींची गंमत अजून वेगळी, पूजो, जितान वगैरेंच्या जुन्या टँडेमना आटेच वेगळे, पॅडलचे १४ मिमी, फ्रीव्हीलचे वेगळे, बीबीचे, म्हणजे क्रँकचा एक्सल जिथे बसतो त्या भागाचे, वेगळे. बाहेरचं पॅडल जोर लावून बसवलं तर क्रँकचे आटे जातात. फ्रेंच टँडेम सुंदर असतात, मला फार आवडतात, पण पार्ट शोधायची हौस असेल तरच घ्या. अमेरिकन श्विन ट्विन जड आहे पण रेड्यासारखी मजबूत, सपाट रस्त्यावर मुलांना घेऊन फिरायला चांगली, चढावर नाही. इंग्लंडच्या जॅक टेलरची मिळाली तर मला कळवा, मी येतो.

फ्रेमला रंग गेलेला असेल, पोचे असतील, ते सोडून द्या. बघायचं ते हँडलखालच्या जोडाच्या मागे, तिथे रंगाला आडवी चीर किंवा नळीला सुरकुती असेल तर कधीतरी समोरून धडक झालीय, ती सायकल नको. दोन्ही क्रँकना जोडणारी तळाची नळी खालून हाताने चाचपा, तिथे पाणी साठून आतून गंज चढतो. सीटपोस्ट काढून आत टॉर्च मारा. सीटपोस्ट निघतच नसेल तर तो वेगळा खर्च. हँडलच्या जोडापासून मागच्या क्रँककडे तिरकी नळी गेली असेल तर उत्तम, नसेल तर फ्रेम दोघांच्या वजनाखाली पिळली जाते, हे मागच्याला पहिल्यांदा कळतं.

ब्रेकवर तडजोड नाही. चकचकीत स्टीलच्या रिमवर ओल्या रस्त्यात ब्रेक जवळजवळ लागतच नाही, दोघं बसले असताना तर विसराच. अल्युमिनियमची रिम हवी. टँडेम लांब असल्यामुळे पुढचा ब्रेक जोरात दाबला तरी मागचं चाक उचलत नाही, त्यामुळे पुढचा ब्रेक सगळ्यात चांगला पाहिजे. मागच्या हबवर ड्रम ब्रेक असेल तर बोनस, लांब उतारावर तो लावून ठेवता येतो, नाहीतर रिम तापून ट्यूब फुटू शकते. मागच्या ब्रेकची वायर साधी पुरत नाही, टँडेमची लांब मागवावी लागते.

विकणारा म्हणेल साठ वर्षं जुनी आहे. पार्ट बघा. स्टर्मी आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर बऱ्याचदा महिना आणि वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. शिमानोच्या जुन्या पार्टवर मागे दोन अक्षरं असतात, पहिलं वर्षाचं, इंग्रजी 'ए' म्हणजे १९७६ आणि मग पुढे क्रमाने, दुसरं महिन्याचं. पार्ट बदललेलाही असू शकतो म्हणा, पण दोन-तीन पार्ट एकाच वर्षाचे निघाले तर बहुतेक सायकलही तेव्हाचीच. भाव करताना वय नाही, लागणारे पार्ट मोजा, दोन टायर, दोन चेन, वायरी, ब्रेकचे रबर हे तर येणारच, ते वजा करून बोला.

चालवून बघताना आधी एकटे पुढे बसून, मग ज्याला मागे बसायचंय त्याला घेऊन, आणि मग जागा बदलून तुम्ही मागे. हा शेवटचा भाग कुणी करत नाही. मागे बसून हँडलवरचे हात ढिले सोडून बघा सायकल वळवळते का, क्रँकमधून कट कट येतंय का, सीट डुलते का. आणि जायच्या आधी घरी कशी न्यायची ते ठरवा, अडीच मीटरच्या आसपास लांबीची वस्तू गाडीत सहज मावत नाही, दोन्ही चाकं काढली तरी मोठीच राहते.

घरी आल्यावर पहिली राइड मोकळ्या जागेत. कॅप्टन पाय फाकवून उभा राहतो, दोन्ही ब्रेक दाबून धरतो, मग मागचा चढून दोन्ही पाय पॅडलवर ठेवतो, तो आता थांबेपर्यंत पाय काढणार नाही. मागचाच पॅडल उलटी फिरवून कॅप्टनच्या पायाखाली हवं तिथे आणतो, मग मोठ्याने आकडे मोजून दोघंही एकदम जोर लावतात. गिअर बदलताना सांगा, ब्रेकच्या आधी सांगा, पॅडल थांबवायच्या आधी सांगा, खड्डा तर ओरडून सांगा. पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर स्पोक, टायमिंग चेन आणि एक्सेंट्रिकचे बोल्ट परत एकदा तपासा, नव्याने आवळलेलं सगळं तेवढ्यात थोडं सैल होतं.